कोणावर गेलंय

उपकेंद्राच्या पायरीवर कोलियसच्या पाच कुंड्या आहेत,
आणि झाड एकच.
म्हणजे असं,
की परुळ्याला माझी पहिली नेमणूक होती तेव्हा
पोस्टातल्या बाईंच्या दारातली एक फांदी
मी न विचारता मोडली
(विचारून आणलेली जगत नाही म्हणतात)
आणि सलाईनच्या रिकाम्या बाटलीत ठेवली.
आठव्या दिवशी मुळं,
पांढरी, जावळासारखी.

मग म्हापण. मग केळूस. मग खवणे.
प्रत्येक बदलीला लशीच्या डब्याच्या कडीला
ओल्या फडक्यात बांधलेली एक फांदी.
तेच झाड चार गावांत उभं आहे अजून,
मधे आमसुली, कडेला पोपटी,
एक रेघ इकडची तिकडे नाही.
खारं वारं लागलं की सगळीकडे सारखंच रुसतं,
कडक उन्हात सगळीकडे सारखंच विटतं.

तुरा दिसला की खुडायचा,
हेही त्या पोस्टातल्या बाईंनीच सांगितलेलं.
फुलाला लागलं की पानं हलकी पडतात,
झाड नुसतं वर वर धावतं,
मग काडी होतं.
बावीस वर्षं, नोंदवही उघडायच्या आधी,
अंगठा, तर्जनी, नख.
बोटांना नंतर वास यायचा
ओल्या पाटीचा.

निवतीची यसवदा मेतर
सुनेचा रक्तदाब मोजायला घेऊन आली होती.
सुकटीची पाटी उतरवून पायरीवर बसली.
"खुडतंस कित्याक गो, सिस्टर?"
मी सांगितलं, पानांसाठी.
"पानां तुका व्हयी.
त्येका काय व्हया, ता इचारलंस कधी?"
मी हसले.
सुनेचे आकडे लिहिले, एकशे तीस, नव्वद,
मीठ कमी करा,
जिथे चूल पेटते तीच खाऱ्या मासळीवर, तिथे.

पुढचे चार दिवस मी पायरीवर नव्हतेच.
एक अडलेली बाळंतीण, एक जिल्ह्याची बैठक,
एक गाडी, जी ओरोसला पोचेपर्यंत दोनदा बंद पडली.
परतले तर कोपऱ्यातल्या कुंडीला फुलं.
निळी.
इतकी बारीक, की चष्मा पुसून पाहावी लागली.
यासाठी बावीस वर्षं मी नख लावत होते?
एक मधमाशी आली, तीही पत्ता चुकल्यासारखी.
हात पुढे नेला,
मग राहू दिलं. का, ते मलाही नाही माहीत.

मार्गशीर्षात त्याची काडी झाली,
बाई म्हणाल्या होत्या तशीच.
कुंडी मी मागच्या नळाशी उपडी केली.

आणि आषाढात, नळाखालच्या चिऱ्याच्या फटीत,
नखाएवढी, सहा-सात.
एकही आईसारखं नाही.
एक नुसतंच फिकं हिरवं.
एकावर लाल ठिपके, कुणी विडा तोंडात असताना शिंकल्यासारखे.
एकाच्या कडा चुण्याचुण्यांच्या.
एक जवळजवळ काळं.

मी उकिडवी बसले.
बाळ काट्यावर ठेवलं की आत्या, माम्या, शेजारणी
अशाच वाकतात माझ्या खांद्यावरून.
नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, कोणावर गेलंय.
मी आजवर म्हणत आले, दोन किलो सहाशे,
जरा उजेड सोडा.

दीड महिन्याच्या डोसाला यसवदा नातीला घेऊन आली.
सून आत गेली, ही नळावर पाय धुवायला.
"ह्यां काळां कोणावर गेलां?"
माहीत नाही, म्हटलं.
एव्हाना ते वीतभर झालं होतं.
तिनं विचारलं नाही.
शेंडा मोडला, कटकन,
आणि पाटीत सुक्या बांगड्यांवर आडवा ठेवला.
मला खुडू नको म्हणणारी!
आत नात रडली, सुई टोचल्यावर रडतात तशी,
आधी श्वास धरून, मग सगळ्या घराण्यासकट.

चार कुंड्यांचे तुरे मी अजून खुडते.
पाचवीत ते काळं लावलंय.
तिच्या बाजूने जाताना
हात पाठीमागे बांधून घेते.